नीला म्हणजे मी!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालतो. पहिलं वाक्य : ‘मी झाडाची फांदी बाजूला ओढतो.’ दुसरं वाक्य : ‘माझ्या पायाला एक बोट जास्त आहे.’ आता सांगा पाहू, या दोन वाक्यांत सारखं काय?

डोकं खाजवू नका. मराठीत या दोन वाक्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण या पृथ्वीच्या पाठीवर एक भाषा अशी आहे, की तिच्यात ही दोन्ही वाक्यं सख्ख्या भावांसारखी दिसतात. नाकडोळे सारखे, फक्त टोपी वेगळी! त्या भाषेचं नाव शॉनी. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची ही भाषा.

हे कोडं मला पहिल्यांदा भेटलं ते रद्दीच्या दुकानात. कॉलेजात होतो तेव्हा. पुस्तकाचं कव्हर अर्धं फाटलेलं, आत कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केलेल्या. पुस्तकाचं नाव ‘लँग्वेज, थॉट अँड रिॲलिटी’ आणि लेखक बेंजामिन ली व्हॉर्फ. हा गृहस्थ मोठा गमतीदार. शिकलेला केमिकल इंजिनिअरिंग, नोकरी विमा कंपनीत. कारखान्यांना आग कशामुळे लागते ते तपासायचं, हे त्याचं काम. आणि उरलेल्या वेळात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यास! १९४१ साली तो वारला. त्याचे विखुरलेले लेख गोळा करून हे पुस्तक १९५६ साली निघालं.

तर आता त्या कोड्याचं उत्तर. शॉनीत पहिलं वाक्य म्हणजे एकच लांबलचक शब्द : नि-ल्थ़वा-’को-न-आ. दुसरं वाक्य : नि-ल्थ़वा-’को-थ़िते. (‘थ’खालचं टिंब आणि तो वरचा स्वल्पविराम काय आहे ते पुढे सांगतो, दम धरा.) ‘नि’ म्हणजे मी. ‘’को’ म्हणजे झाड, झुडूप, फांदी, जे काही झाडाचं असेल ते. शेवटी ‘न’ आला, की काम हातानं केलं, आणि ‘आ’ आला, की कुणावर तरी केलं. ‘थ़िते’ म्हणजे पायाच्या बोटांबद्दलचं. राहिला ‘ल्थ़वा’. व्हॉर्फनं त्याचा अर्थ देताना इंग्रजीत बरीच कसरत केली आहे, ‘दोन फाटे फुटलेली आकृती’ वगैरे. मी ते वाचलं आणि दुकानातच मोठ्यानं म्हणालो, “अरे, हे तर बेचकं!”

आमची आजी झाडाच्या दोन फांद्यांमधल्या जागेला बेचकं म्हणायची, दोन बोटांमधल्या जागेलाही बेचकंच म्हणायची. कैऱ्या पाडायची असते ती बेचकी वेगळीच. म्हणजे शॉनी माणूस म्हणतो : ‘मी-बेचकं-फांदी-हातानं केलं.’ झाली फांदी बाजूला. आणि : ‘मी-बेचकं-फांदी-बोटाशी.’ म्हणजे बोटाला फांदीसारखं दुसरं बोट फुटलंय. काय, पटलं ना आता दोघांचं भावाभावांचं नातं?

व्हॉर्फचं दुसरं उदाहरण बंदुकीचं. जुन्या काळी बंदुकीच्या नळीत लांब गज घालून ती आतून साफ करत. ‘मी ती गजानं साफ करतो’ हे शॉनीत असं : नि-पेक्व-आलक-ह-आ. तुकडे पाडा. मी – कोरडी जागा – भोकाच्या आत – हत्यार चालवून – ती. बघा हं, यात ‘साफ’ हा शब्द नाही आणि ‘गज’ही नाही! तरी काम चोख झालं. आपण विचारतो, कशानं केलं, काय केलं. शॉनी बोलणारा सांगतो, कुठे आत, कसं झालं, कशाच्या जोरावर.

यावरून व्हॉर्फ असं सुचवू लागला, की ज्याची भाषा वेगळी त्याचं जग वेगळं, विचार करायची रीतसुद्धा वेगळी. मला त्याचं सगळं पटत नाही. आपण ‘खुर्चीचा पाय’ म्हणतो, म्हणून खुर्ची चालेल असं कुणाला वाटतं का? शॉनी मुलालाही पायाचं बोट कुठलं आणि फांदी कुठली हे नक्कीच कळत असणार. पण एक गोष्ट मात्र खरी. एकाच जगाचे तुकडे पाडायच्या सुऱ्या निरनिराळ्या असू शकतात, हे मला त्या फाटक्या पुस्तकानं शिकवलं. तेव्हापासून शॉनीबद्दल जिथं जे मिळेल ते मी वाचत आलो.

आता हे शॉनी लोक कोण ते सांगतो. ते स्वतःला ‘शावनवा’ म्हणतात. त्यात ‘दक्षिण’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे दक्षिणेकडचा माणूस. अनेक असले, की ‘शावनवाकी’. त्यांची खरी वस्ती ओहायो नदीच्या खोऱ्यात. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग ज्या वापाकोनेटा गावाजवळ १९३० साली जन्मला, तिथं त्याच्या शंभर वर्षं आधी शॉनींची वस्ती होती. पण १८३० साली अमेरिकेच्या सरकारनं कायदा केला, की मूळ रहिवाशांनी मिसिसिपी नदीच्या पलीकडे जावं. ‘जावं’ हा आपला सभ्य शब्द झाला. ओहायोतल्या शॉनींना आज जिथं कॅन्सस राज्य आहे तिथं जावं लागलं. मग तिथंही गोरे शेतकरी आले. पुन्हा बोचकी बांधायची. शेवटी ते ओक्लाहोमात पोचले आणि आज त्यांच्या तिन्ही जमाती तिथंच आहेत : ॲब्सेंटी शॉनी, ईस्टर्न शॉनी आणि शॉनी ट्राइब. यातल्या शेवटच्या जमातीला सरकारी कागदावर बरीच वर्षं चेरोकी नावाच्या दुसऱ्याच मोठ्या जमातीत मोजत होते. तिला स्वतंत्र ओळख मिळाली ती २००० साली.

भाषेचं घराणं मोठं आहे. अल्गॉन्क्वियन त्याचं नाव. त्यात ओजिब्वे, क्री, मायामी अशा कितीतरी बहिणी. मिसिसिपी हा शब्द ओजिब्वेचा, अर्थ ‘मोठी नदी’. त्यातलं ‘सिपी’ म्हणजे नदी. शॉनीत नदीला म्हणतात ‘थ़ीपि’. बहिणींकडे जिथं ‘स’, तिथं शॉनीत बऱ्याचदा ‘थ़’. असं असतं होय? असतं तर! आपल्याकडे बघा ना. संस्कृतात सात म्हणजे ‘सप्त’ आणि फारसीत ‘हफ्त’. म्हणून आठवड्याला आपण सप्ताहही म्हणतो आणि फारसीतून आलेला हप्ताही. ‘स’चा ‘ह’ झाला, पण आठवडा तोच.

चला, आता टिंबाचा उलगडा. हा ‘थ़’ म्हणजे आपल्या थंडीतला किंवा थापेतला थ नव्हे. जिभेचं टोक वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे हळूच ठेवा आणि नुसती हवा सोडा. इंग्रजीतल्या थ्री, बाथ यांच्यात तो ध्वनी असतो. आपण मराठी माणसं ‘थँक यू’ म्हणताना बिनधास्त थंडीतला थ वापरतो आणि समोरच्यालाही ते चालतं. शॉनीत मात्र हा ध्वनी पावलोपावली. आणि तो वरचा स्वल्पविराम? तोंडात घास आहे, आई विचारते, “आणखी भाजी वाढू?” आणि तुम्ही तोंड न उघडता म्हणता, ‘अ’अ.’ मधे घशात आवाज क्षणभर अडतो ना, तेच ते व्यंजन. गंमत म्हणजे शॉनीत हा अडथळा आणि ‘ह’ हे एकाच ध्वनीचे दोन वेष मानतात. अक्षराच्या सुरुवातीला आला तर ‘ह’, शेवटी आला तर घशातला अडथळा.

हे धरूनही शॉनीत व्यंजनं किती? अवघी बारा-तेरा. प, त, च, क, थ़, श, ह आणि तो अडथळा, म, न, ल, व, य. संपली यादी! ग नाही, ज नाही, द नाही, ब नाही. ट, ड, ण, ळ नाहीत. र तर औषधालासुद्धा नाही. स्वर चार – अ, इ, ए, ओ – पण प्रत्येक एकदा आखूड, एकदा लांब. आपण शाळेत ऱ्हस्वदीर्घ घोकतो आणि बोलताना विसरून जातो. तिथं बोलतानाच ते पाळावं लागतं.

हे मी आमच्या भाचीला सांगितलं, तर तिनं लगेच खेळ काढला. शॉनीत वर्गातल्या कुणाकुणाची नावं म्हणता येतील? केतकीला जमलं. माया, कमल, मालती, नीलम यांनाही जमलं. राजेंद्र, गिरीश आणि भाग्यश्री साफ नापास! मग ती म्हणाली, “आणि नीला?” मला हसू आलं. कारण शॉनीत ‘नीला’ हा शब्द आहेच, आणि त्याचा अर्थ आहे ‘मी’. ‘कीला’ म्हणजे ‘तू’. वर्गातली नीला तिकडे गेली आणि नाव सांगू लागली, तर म्हणेल, “मी, मी!” लोक म्हणतील, “हो, पण तू कोण?”

हा ‘थ़’ बिचारा लिहिणाऱ्यांच्या हातून फार पिचला. शॉनींचा सर्वांत नावाजलेला पुढारी इंग्रजी पुस्तकांत ‘टेकम्से’ म्हणून भेटतो. त्याचं खरं नाव ‘टेकम्थ़े’च्या जवळचं. इंग्रज माणसाला ‘थ़’ येत नाही म्हणावं, तर तो त्याच्या घरचाच ध्वनी! तरी ‘स’ झाला आणि तोच रूढ झाला. उलट ओहायोतलं चिलिकॉथ़ी गाव बघा. शॉनींच्या एका शाखेच्या नावावरून ते नाव पडलं, आणि तिथं हा ध्वनी आजही शाबूत आहे. गाव नशीबवान, माणूस नाही.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. १८३५ साली, आज जिथं कॅन्सस आहे तिथं, एका मिशनच्या आवारात जॉथम मीकर नावाच्या पाद्र्यानं छापखाना चालवून शॉनी भाषेत वर्तमानपत्र काढलं. संपूर्ण शॉनीत, इंग्रजी मजकूर नाही. कॅन्ससमधलं ते पहिलं वर्तमानपत्र, म्हणजे इंग्रजीच्याही आधी! पत्राच्या नावाचा अर्थ ‘शॉनी सूर्य’. पण मथळ्यावर रोमन अक्षरांत जे छापलं होतं ते आज कुणी वाचलं, तर वाचेल ‘सिविनोवे केसिब्वी’. आता शॉनीत सूर्याला म्हणतात ‘कीशथ़्वा’. मग हे केसिब्वी कुठलं? छपाईची चूक?

मुळीच नाही. मीकरकडे खिळे होते इंग्रजी अक्षरांचे, आणि प्रत्येक ध्वनीला एकच अक्षर द्यायचं असा त्याचा बाणा होता. शॉनीत ब नाहीच. म्हणजे ‘बी’चे खिळे पेटीत नुसते पडून. त्यानं ते ‘थ़’साठी वापरले. ‘एस’ श साठी. ‘आय’ अ-आ साठी आणि ‘ई’ इ-ई साठी. आता किल्ली हातात आहे, कागद घ्या आणि स्वतः उलगडून बघा. के, ई, एस, आय, बी, डब्ल्यू, आय. क, ई, श, अ, थ़, व, आ. कीशथ़्वा! उगवला की नाही सूर्य?

मला हे फार हुशारीचं वाटतं. इंग्रजी येणाऱ्याला ते पान वेड्यासारखं वाटेल. पण ते त्याच्यासाठी नव्हतंच. ज्याला इंग्रजी येत नाही आणि शॉनी येते, त्याला थोड्या दिवसांत वाचता यावं म्हणून होतं. गोव्यात फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन अक्षरांत छापलं गेलं, तेव्हा त्यालाही आपल्या ट, ड, ण, ळ यांचं काय करायचं हा घोर पडलाच असणार. पाद्री लोक आले होते धर्म सांगायला, आणि त्यांच्यामागून सोजिरांच्या बंदुका आणि जमिनीचे कागदही येत होते, हे विसरून चालणार नाही. तरी ते खिळे जुळवणारा माणूस कान देऊन ऐकत होता, एवढं श्रेय त्याला द्यावं.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, प्रश्नपत्रिका नाही काढत.

शॉनीत नुसतं ‘मुलगा’ असं म्हणून नातं सांगता येत नाही. तो कुणाचा ते शब्दातच हवं. ‘निक्विथ़ा’ म्हणजे माझा मुलगा, ‘किक्विथ़ा’ म्हणजे तुझा मुलगा. पुढचं ‘नि’ आणि ‘कि’ काढून टाकलं, तर उरलेला तुकडा एकटा बाजारात हिंडू शकत नाही. नात्याची माणसं कुणाची तरी असतात, बेवारशी नसतात, असा कारभार!

नामांचे आपल्याकडे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. तिकडे दोनच गट, सजीव आणि निर्जीव. सूर्य सजीवांत. शॉनीची बहीण ओजिब्वे, तिच्यात तर चुलीवरचं भांडंही सजीवांत बसतं! हसू नका. आपली खुर्ची स्त्रीलिंगी का आणि टेबल नपुंसकलिंगी का, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

आणि हे ऐका. ‘शिकाऱ्यानं अस्वलाला पाहिलं. त्यानं त्याला हाक दिली आणि तो पळाला.’ बरं, पळालं कोण? मराठीत अस्वल नपुंसकलिंगी म्हणून आपण थोडक्यात बचावलो. पण अस्वलाऐवजी वाघ घाला, की झालाच घोटाळा. शॉनीत असा घोटाळा होत नाही. गोष्टीत दोन ‘तो’ आले, की एक मुख्य ‘तो’ आणि दुसरा बाजूचा ‘तो’. बाजूच्याच्या नावाला ‘ली’ असं शेपूट लावतात. ‘त्याचा मुलगा’ म्हणायचं तर ‘होक्विथ़ाली’. बाप मुख्य, म्हणून मुलाला शेपूट. ही सोय मराठीत असती, तर निबंधाच्या वहीतली निम्मी लाल शाई वाचली असती.

‘तू मला’ आणि ‘मी तुला’ यांचीही मौज आहे. दोन्ही वाक्यांत क्रियापदाच्या तोंडाशी ‘तू’चाच ‘कि’ येतो. पाहिलं कुणी नि दिसलं कोण, हे क्रियापदाच्या शेपटाकडचा तुकडा सांगतो. समोरचा माणूस आधी, आपण मागे. काही जण याला नम्रता म्हणतात. मला तसं वाटत नाही, तो नुसता नियम आहे. भांडतानाही तो तसाच पाळावा लागत असणार!

आता येतो तो शब्द, ज्यासाठी खरं म्हणजे मी हा सगळा लेख लिहायला घेतला.

‘आम्ही पिक्चरला चाललोय’ आणि ‘आपण पिक्चरला चाललोय’. यातला फरक तुम्हाला कुणी शिकवला? कुणीच नाही. पण पहिलं वाक्य ऐकलं, की तोंड पडतं आणि दुसरं ऐकलं, की चपला शोधायला धावता! ‘आम्ही’मधे ऐकणारा नाही, ‘आपण’मधे आहे. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’, हिंदीत दोन्हींना ‘हम’. गुजरातीत, तमिळमधे, तेलुगूत मात्र आपल्यासारखे दोन शब्द आहेत. आणि शॉनीत आहेत. ‘नी-ल-वे’ म्हणजे आम्ही, तुला सोडून. ‘की-ल-वे’ म्हणजे आपण, तुला धरून. नीट पाहा, पहिल्याच्या तोंडाशी ‘नीला’तला, म्हणजे ‘मी’तला नी आहे आणि दुसऱ्याच्या तोंडाशी ‘कीला’तला, म्हणजे ‘तू’तला की. आपण म्हणायचं, तर सुरुवात ‘तू’पासून!

आता चला १८१० सालात. ठिकाण वाबाश नदीकाठचं व्हिन्सेन्स गाव. एका बाजूला विल्यम हेन्री हॅरिसन, तिथला गोरा गव्हर्नर, जो पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. दुसऱ्या बाजूला टेकम्से. आदल्या वर्षी हॅरिसननं काही जमातींच्या पुढाऱ्यांशी करार करून प्रचंड जमीन घेतली होती. टेकम्सेचं म्हणणं असं, की जमीन एकेका जमातीची नाही, सगळ्या जमातींची मिळून आहे. सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय तिचा तुकडासुद्धा कुणाला विकता येणार नाही. तो बोलला शॉनीत. दुभाष्यानं इंग्रजी केलं. लिहिणाऱ्यानं इंग्रजी लिहून घेतलं. आज टेकम्सेची भाषणं आपल्यापर्यंत पोचतात ती अशी, दुसऱ्याच्या तोंडून.

आणि तिथं प्रत्येक ठिकाणी आहे ‘वी’ आणि ‘अवर’. आमची जमीन, का आपली जमीन? हॅरिसनकडे वळून बोलताना ‘आमची, तुझी नव्हे’ असंच म्हणाला असेल. पण पाठीमागे इतर योद्धे बसले होते. त्यांच्याकडे पाहून एखाद्या वाक्यात त्यानं ‘आपली’ म्हटलं असेल का? त्याचं सगळं राजकारण या एका शब्दावर उभं होतं. वेगवेगळ्या जमातींनी एकमेकांना ‘नीलवे’ म्हणणं सोडून ‘कीलवे’ म्हणावं, यासाठी तो शेकडो मैल हिंडला. आणि नेमका तोच फरक इंग्रजी कागदात मावला नाही. ते कागद मी चाळले आहेत. त्यांतून हे कळायला मार्ग नाही. ५ ऑक्टोबर १८१३ रोजी कॅनडात थेम्स नदीकाठच्या लढाईत टेकम्से मारला गेला. समोरच्या फौजेचा सेनापती हॅरिसनच होता.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो, ती सांगताना मजा येत नाही. अमेरिकेभर मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर, निवासी शाळांत नेलं गेलं. तिथं आपल्या भाषेत बोलायला बंदी, बोललं तर शिक्षा. ती मुलं मोठी झाली आणि पुष्कळांनी स्वतःच्या लेकरांशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं, आपल्याला झाला तसा त्रास त्यांना होऊ नये म्हणून. भाषा मरते ती बहुधा अशी. आईबापांच्या मायेनंच तिचा घास घेतला जातो. याच काळात टेकम्सेच्याच वंशातल्या थॉमस वाइल्डकॅट आल्फर्डनं, जो स्वतः अशा शाळेत इंग्रजी शिकला होता, बायबलातली चार शुभवर्तमानं शॉनीत आणून १९२९ साली छापली. आणि १९३०च्या दशकात कार्ल व्होगेलिन नावाच्या अभ्यासकानं शॉनी माणसांजवळ बसून शब्दांचे हजारो तुकडे टिपून घेतले. व्हॉर्फला आपलं बेचकं मिळालं ते अशाच टिपणांच्या आधारानं.

आज अस्खलित शॉनी बोलणारे फार थोडे उरलेत आणि त्यातले बहुतेक म्हातारे आहेत. २०२० साली शॉनी ट्राइबनं आपल्या भाषेसाठी चक्क आणीबाणी जाहीर केली आणि २०२१ ते २०३० हे दशक शॉनी भाषेचं म्हणून ठरवलं. वर्ग चालतात, लहानथोर शिकतात. शेजारची बहीण मायामी, तिचे तर बोलणारे विसाव्या शतकातच संपले होते. तिच्या माणसांनी जुन्या वह्या आणि कोश वाचून ती पुन्हा घरात बोलायला घेतली. तेव्हा हे अशक्य नाही. आणि हे सगळं दूर अमेरिकेतलं, असंही समजू नका. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती नीट बसत नाही. दोन-तीन हजारच लोक ती बोलतात. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत तिचं नाव येतं?

माझ्या एका मित्रानं विचारलं, “अरे, सगळं लिहून ठेवलंय ना? कोश आहेत, टेपा आहेत. मग भाषा राहिलीच की.” त्याला मी ‘कीलवे’ सांगितलं. शॉनीतले बाकी पुष्कळ शब्द एकट्या माणसालाही म्हणता येतील. सूर्याकडे बघून कीशथ़्वा म्हणता येईल, पाणी पिताना ‘नेपि’ म्हणता येईल. ‘कीलवे’ मात्र एकट्याला म्हणता येत नाही. समोर ते समजणारा दुसरा असावा लागतो. मित्र थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “तू मला ते आकडे शिकवणार होतास ना?”

आकडे मी त्याच्या आधी भाचीला शिकवले होते. नेकोति, नीश्वि, न्थ़्वि, नियेवि, नियालन्वि. झाले पाच. एक हात संपला. ‘न्थ़्वि’ला तिची जीभ दातांत अडकली, दोनदा चावली, तिसऱ्यांदा आला. मग दुसरा हात. सहा म्हणजे नेकोत्वथ़्वि, सात म्हणजे नीश्वथ़्वि. मी सातावर थांबलो. ती दुसऱ्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, “मामा, थांब, सांगू नकोस! सहामधे एक लपलाय. आणि सातमधे दोन!”

“बरोबर,” मी म्हणालो.

“म्हणजे आठमधे तीन असणार!”